दस्त्यावरचा खळगा

न्यूझीलंडमधल्या लोअर हटमधले आमचे शेजारी पुण्याचे, पेशाने इंजिनीअर, अंडंसुद्धा न खाणारे. दर शनिवारी गॅरेज सताड उघडं टाकून शंभर वर्षांपूर्वीच्या शिकारी बंदुका दुरुस्त करायचे. घोड्याखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी चढते, त्या जातीच्या. मला बंदुकीची भीतीच वाटते, तरी मी जाऊन बसायचो.

मराठी मंडळातलं कुणीतरी खवचटपणे विचारायचं, "किती हरणं मारलीत?"

"एकही नाही. पुढचा प्रश्न?"

एकदा एक गोरा शेतकरी आजोबांची बंदूक घेऊन आला. तिचा लाकडी दस्ता घासून चकचकीत करून हवा होता.

"नाही करणार," शेजारी म्हणाले.

"बंदूक माझी आहे," तो भडकला.

यांनी सरळ त्याचा हात धरला आणि त्याचा अंगठा दस्त्यावरच्या एका झिजलेल्या खळग्यात टेकवला. बरोब्बर बसला.

"हा खळगा तुझ्या आजोबांनी पाडलाय, आयुष्यभर धरून धरून. मी तो पुसणार नाही. पुढचा प्रश्न?"

शेतकरी अंगठा तिथून उचलेचना.