स्टिअरिंगच्या शेजारची जागा

थोरल्याचा दिवस पहाटे चारला सुरू होई. धाकटा तेव्हा घोरत असे. भिंतीपलीकडून ते ऐकत तोंड धुवायचं, म्हणजे दिवसाची सुरुवातच पोटदुखीने.

कंपनी बापाची. एका जुन्या ट्रकवर उभी केलेली. आता आवारात गाड्यांची रांग. माल भरला की ताडपत्री ओढायची, दोर टाकायचा, गुडघा फळीला टेकवून अंगाच्या भाराने आवळायचा, हे काम थोरल्याचं. त्याने बांधलेला माल कधी सरकला नाही, भिजला नाही. तेच त्याला नडलं. स्टिअरिंग मागितलं की बाप म्हणे, "तू गाडी नेलीस तर बांधायचं कोणी? मी?"

नव्या गाडीची किल्ली धाकट्याला मिळाली. त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नसे. खिडकीबाहेर ठेवून रापलेला उजवा हात मात्र तो पदकासारखा मिरवी.

"दादा, नीट आवळ हं. लांब जायचंय."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्याने उलटी गाठ मारली. ओढावी तितकी घट्ट होणारी. माल उतरवताना हमाल हात टेकतील, बोंब बापापर्यंत जाईल, मग कळेल कंपनी कुणाच्या जिवावर चालते ते.

झालंही तसंच. गाडी दुपार टळेपर्यंत उभी राहिली. शेवटी नवा दोर कापावा लागला. बापाने थोरल्याला बोलावलं.

"गाठ तुझी?"

"हो. लांबचा पल्ला. सैल पडायला नको."

"बरोबर. मग यापुढे तूही जात जा. सोडायला."

असा तो केबिनमध्ये पोचला, पण नको त्या जागेवर. धाकटा शीळ घालत गिअर बदली. "दादा, काच पूस ना जरा." थोरला पुसे. चढ आला की त्याचा डावा पाय पुढच्या पत्र्यावर नसलेला क्लच दाबी, आणि धाकटा हसे.

घरी बायको म्हणे, "जेवताना तरी ताटाकडे बघा. सगळं लक्ष त्या भावजींच्या किल्लीवर."

"त्याला फुकट मिळाली."

"मग तुम्ही विकत घ्या."

ती सहज बोलली. त्याने मनावर घेतलं. बाप त्याच्या हातात इतर मजुरांसारखाच पगार ठेवी. त्यातून तो थोडे पैसे बाजूला टाकू लागला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तिथे, एक ड्रायव्हिंग स्कूल होतं.

"आधी चालवलीय?" तिथल्या मास्तरने विचारलं.

"शेजारी बसलोय. पुष्कळ."

"मग या बाजूला या, काका. फी आधी."

ट्रकवाल्या घरातल्या थोरल्याने गाडी शिकण्याची फी पगारातून मोजली आणि उजव्या दाराने आत चढला. धाकट्याला बापाने मांडीवर बसवून शिकवलं होतं, हे तेवढ्यातही त्याच्या मनात आलंच.