रंगुबाईचा लिंब आणि सहासष्ट फूट तार

रंगुबाईच्या दिराने एकदा तिच्या अंगणात नुसती गाय बांधली होती. मग गायीला छप्पर आलं, छपराला भिंत आली आणि रंगुबाईचं तीन हात अंगण गेलं. तेव्हापासून कुणी कुंपणाशी उभं राहून गोड हसलं, की ती आधी कुंपणाचे खांब मोजायची.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारचा गहिनीनाथ असाच हसत आला. पलटणीत वायरलेसवर नोकरी करून तो नुकताच श्रीरामपूरला परतला होता. रंगुबाईने हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"मावशी, हौशी रेडिओचं लायसन मिळालं! घरबसल्या लांबच्या माणसांशी बोलायचं. फक्त तार टांगायची. सहासष्ट फूट तार, अन् अंगण माझं चाळीस. तेव्हा एक टोक तुमच्या लिंबाला—"

"लिंब माझा हाय."

"तुमचाच हो! तार काय खाती व्हय?"

"गाय बी आधी चाराच खात हुती. मग अंगन खाल्लं."

गहिनीनाथने डोकं खाजवलं. "बरं. मग मधोमध बांबू उभा करतो. तारेचा मध्य शेंड्याला, टोकं दोन्हीकडं उतरती, राहुटीसारखी. सरळ तार बरी असती, पण बसंल माझ्याच अंगणात."

इतक्या पटकन मानलं? रंगुबाईला तेच खटकलं.

दुसऱ्या दिवशी बांबू उभा राहिला, त्याला आधाराचे चार दोर ताणले आणि चौथ्या दोराची खुंटी नेमकी कुंपणाच्या अलीकडे, तिच्या बाजूला ठोकली गेली. रंगुबाई ताडताड आली.

"ही खुंटी कुनाच्या हद्दीत?"

"चार दोर नसले तर बांबू कलंडंल, मावशी."

"मला शिकवतो? आमचं मालक मढीच्या यात्रेला निशानाची उंच काठी न्यायचे. तीन दोर सारख्या अंतरानं ताना, काठी हालत न्हाई."

पदर खोचून तिने स्वतः तीन दोर ताणून घेतले. बांबू ताठ. चौथी खुंटी उपटून तिने घरी नेली आणि चुलीत घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथच्या ओसरीवर रेडिओची पेटी खरखरली. बंगळूरचा कुणी बोलत होता. रंगुबाई कुंपणाशीच उभी.

"काय म्हनतो?"

"विचारतोय, तार कशी टांगली."

"बघ! त्याला कशाला पायजे?"

"सगळेच विचारतात, मावशी. नाव, वेळ, सगळं वहीत लिहावं लागतं."

 रंगुबाई कुंपणाच्या खांबावर हात ठेवून म्हणाली, "मग सांग त्याला, दोनी टोकं तुझ्याच अंगनात हायती. अन् त्याच्या नावापुढं लिव, ह्यो साक्षीदार."