नवरा, हुद्दा माळी

गाडी सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि आमचे हे अकोला स्टेशनच्या फलाटावर नव्हतेच. नोकरी माझी, करार माझा, आफ्रिकेच्या बोटीची तिकिटंही मला नर्स म्हणून बोलावणाऱ्या प्रसूतिगृहानं काढलेली. ह्यांनी फक्त नवरा म्हणून सोबत यायचं होतं, आणि तेवढंही वेळेवर जमेना. शेवटी मोर्णा नदीकाठच्या मळ्यातून धापा टाकत आले ते हातात बियाण्याचं गाठोडं घेऊन. अंबाडी, चवळी, वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर.

"काहून रे, तिकडची मानसं भाजी खात नाईत का?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बायकोच्या मागं दर्यापार जानारा पयला मानूस आमच्याच घरात निघावा!" त्या रडल्या नाहीत, गाडी हलेपर्यंत बोलतच राहिल्या. माझे वडील नांदगाव खंडेश्वरहून आले होते. मला अमरावतीला ठेवून नर्सिंग शिकवलं म्हणून भावकीची बोलणी त्यांनी पुष्कळ खाल्ली होती. ते एवढंच म्हणाले, "शिकवलं ते घरी बसाले नाई. जाय." मी गाडीत बसून पोटभर रडले आणि समोर हे गाठोड्याची गाठ तपासून पाहत होते.

तुम्हा घरच्यांपैकी जे माझ्यामागून इकडे आले, त्यांना परवान्याची कचेरी सांगायला नको. जे तिकडेच राहिले त्यांच्यासाठी सांगते. नोकरीवर आलेल्या पुरुषाच्या बायकोला इथं राहायचा पास मिळतो. त्याचा छापील फॉर्म आहे, त्यात बायकोच्या नावाला जागा आहे, तिचा फोटो डकवायलाही चौकोन आहे. नोकरीवर आलेल्या बाईच्या नवऱ्याला कुठंच जागा नाही. काउंटरवरच्या गोव्याच्या कारकुनानं फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि मलाच विचारलं, "मग यांना कुठं लिहू?" त्यात आम्ही वऱ्हाडचे. कारभार मध्यप्रांताच्या साहेबाचा आणि मुलूख निजामाचा, तेव्हा तुम्ही नेमकी कुणाची रयत, यावर अर्धा दिवस गेला. अखेर साहेबानं मेहेरबानी म्हणून ह्यांना सहा महिन्यांचा पास दिला. अट एकच, या माणसानं कसलाही कामधंदा करायचा नाही. मी सही केली.

कामधंदा करायचा नाही, हे माळ्याच्या पोराला सांगून पाहा. मी पहाटे कामावर गेले की हे मागल्या अंगणात. समुद्राकाठची भुरकट वाळू, तिच्यात ह्यांनी कुठून कुठून शेणखत आणून ओतलं आणि तिसऱ्या महिन्यात वांगी लगडली. दोन माणसांनी खाऊन खाऊन किती खायची? मग शेजारी वाटायला सुरुवात झाली. डाव्या हाताला गुजराती बेन, उजव्या हाताला गोव्याचं कुटुंब, पलीकडे स्वाहिली बोलणारी म्हातारी मरियमबाई. ह्यांची भाजी भांड्यांतून जायची आणि भांडी परत यायची ती भरून. कुणाकडून खजूर, कुणाकडून लिंबं, मरियमबाईकडून खोबरं. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत आपल्याकडेच असावी असं मी समजत होते. इथं तर सगळी गल्लीच तशी निघाली. मी ओरडायचे, "अहो, पुरे करा आता!" हे म्हणायचे, "मी काय करून राहिलो? देऊन राहिलो फक्त."

कचेरीचा इन्स्पेक्टर आला तेव्हा ओट्यावर लोकांच्या घरची सहा भांडी ओळीनं मांडलेली होती आणि हे सातव्यात मेथी भरत होते. मी नेमकी घरी. त्यानं विचारलं, हा काय प्रकार आहे? हे सरळ वऱ्हाडीत म्हणाले, "साहेब, रिकामं भांडं वापस कोन करते?" मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. हे भाजी देतात, मग शेजाऱ्यांनाही काही द्यावंच लागतं. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी आपल्या हातानं आपला गळा कापतेय. इन्स्पेक्टर म्हणाला, "बरोबर. यालाच धंदा म्हणतात." पास पुढे वाढणार नाही, महिनाअखेरच्या बोटीनं नवऱ्यानं परत जायचं.

मी दारोदार फिरले. हात जोडून सांगितलं, बायांनो, आमची भांडी रिकामी पाठवा हो, माझ्या नवऱ्याचा पास जातोय. सगळ्यांना वाईट वाटलं. भांडं रिकामं पाठवायला एकही तयार होईना. बेननं माझ्यादेखत ताटलीत चिमूटभर साखर टाकली आणि म्हणाली, "एवढं काही धरत नाहीत." मरियमबाईनं तर माझ्या विनवण्या ऐकून घेतल्या आणि भांड्यात दोन अंडी ठेवली. मी रस्त्यात उभी राहून हसले की रडले, आठवत नाही. हे म्हणाले, "मी जातो अकोल्याले. तू कर नोकरी, करार पुरा झाला का ये." करार पुरा व्हायला अजून चार वर्षं होती. ते इतक्या सहज बोलले की त्यांना धरून हलवावंसं वाटलं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. त्या आठवड्यात किती बाळंतपणं केली, पण माझं लक्ष हातातल्या बाळापेक्षा महिनाअखेरच्या बोटीकडे.

वाट दाखवली त्याच गोव्याच्या कारकुनानं. म्हणाला, "मॅडम, नोकरीवर आलेल्या बाईच्या नवऱ्याला फॉर्म नाही, पण तिच्या नोकराला आहे. स्वयंपाकी, आया, माळी. नवऱ्यानं नोकर असू नये असं मला तरी कुठं सापडलं नाही." मी दोन दिवस जेवले नाही. मग जाऊन लिहून आले, मालकीण मी, नोकराचा हुद्दा माळी. नात्याच्या रकान्यात मी 'पती' लिहिलं, ते कारकुनानं खोडलं. माणूस वाईट नव्हता, खोडताना मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "बाईसाहेब, आज कोन्ती भाजी तोडू?" मी हातातली पिशवी त्यांच्या अंगावर फेकली. ते हसत होते. मला हसू येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आजही नाही.

करार एकदा संपला, पुन्हा वाढवला. दरसाल तो फॉर्म मी भरते, दरसाल 'पती' लिहिते, दरसाल तो शब्द खोडला जातो. तुम्ही पत्रातून विचारता, आमचा माणूस तिकडं काय करतो? मी लिहिते, बागकाम पाहतात. त्यात खोटं काही नाही.

यंदा मात्र वेगळं झालं. फॉर्मच्या तळाशी एक रकाना आहे. नोकराला काढून टाकल्यास मालकानं त्याला त्याच्या घरी परत पाठवायचं, ते घर कुठलं? इतकी वर्षं मी तिथं न पाहताच 'जुने शहर, अकोला' लिहीत आले. ह्यांना इंग्रजी येत नाही. यंदा कचेरीत माझ्या मागं उभे होते, त्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं काय लिवलं?" मी सांगितलं.

हे चिडले. नोकर म्हणून लिहिलं तेव्हा हसलेला माणूस लोकांसमोर चिडला. "म्हंजे तू मले काढलं तं मी अकोल्याले? खोड ते."

"मग काय लिहू? काहीतरी लिहावं लागतं."

"माह्यं घर जिथं हाय ते लिही."

मी अकोला खोडलं आणि आमच्या गल्लीचं नाव, घराचा नंबर लिहिला. कारकून म्हणाला, "मॅडम, याच घरातून तर काढणार तुम्ही त्यांना. पाठवणार कुठं?" मी म्हटलं, त्याच घरी. मागं रांग वाढलेली, लोक कुरकुर करू लागलेले. त्यानं 'पती' खोडलं, पत्ता तसाच ठेवला आणि शिक्का मारला.

घरी कधी येता, असं तुम्ही दर पत्रात विचारता. रजा मिळाली की अकोल्याला येऊ, महिनाभर राहू, नांदगावलाही जाऊन येऊ. पण घर कुठलं ते आता सरकारदरबारी नोंदलं आहे, माझ्या सहीनं.