मामांचं मोकाट मत

साऱ्या लोकशाहीत सगळ्यात नेमानं वाया गेलेलं मत कुणाचं असेल, तर ते माझ्या बायकोच्या मामांचं. आणि त्याचा मामांना जो अभिमान होता, तो निवडून आलेल्या आमदारालाही आपल्या विजयाचा नसेल. मामा नाशिकला मखमलाबादच्या अंगाला झेंडू लावायचे. रस्त्यापलीकडं त्यांचे जिवलग दोस्त राहायचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. मामा एका पक्षाचे, दोस्त नेमके विरुद्ध पक्षाचे. मतदानाच्या दिवशी सात वाजता मामांची लूना निघायची, मागं दोस्त. दोन दणकट माणसांखाली ती बिचारी अशी कण्हायची की चौकात ट्रक बाजूला व्हायचे. एकाच रांगेत उभं राहून दोघं एकमेकांचं मत कापायचे आणि मिसळ खायला जायचे. "फिटलं!" तर्रीत पाव बुडवत मामा म्हणायचे, "आपल्यामुळं कुणाचं वाईट झालं नाय."

मतदारसंघावर मामांचा जीव सातबाऱ्याइतका. देवघराशेजारी त्याचा हातानं काढलेला नकाशा. त्यात गोदावरी दोऱ्याएवढी आणि झेंडूचं वावर त्र्यंबक तालुक्याएवढं. मुलीला चांदवडचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा काय करतो हे कुणी विचारायच्या आत मामांनी विचारलं, "मतदारसंघ कंचा?" उत्तर ऐकून त्यांनी असा सुस्कारा सोडला की पाहुण्यांना वाटलं, मुलाला काहीतरी रोग आहे.

एका निवडणुकीला दोस्ताचा पाय प्लास्टरमध्ये. मामांच्या पक्षाचे कार्यकर्ते खूश. मामा मात्र फुलांची हातगाडी घेऊन दोस्ताच्या दारात हजर. "चल रे वीजवाल्या! तू घरी पडलास तर माझं मत मोकाट सुटंल!"

"अरे माळ्या, हातगाडीवरून मिरवणूक काढतोस का माझी?"

"मयत काढीन, पण तुला मत द्यायला नेईन!"

नेलं. झेंडूच्या टोपल्यांमध्ये पाय सरळ ठेवून दोस्त असे गेले की वाटेत दोन बायकांनी नमस्कार केला.

मग मतदारसंघांची फेररचना आली. नाशिकचे मध्य, पूर्व, पश्चिम असे वाटे पडले, आणि प्रस्तावातली एक रेघ नेमकी आमच्या रस्त्याच्या मधून गेली. मामा आणि मी अलीकडं, दोस्त पलीकडं. मामांनी अकरा पानी हरकत लिहिली आणि सुनावणीला दोस्तासकट उभे राहिले.

"साहेब, इतकी वर्सं ह्याचं मत मी कापतोय. तिकडं ह्याला कापायला कोन हाय?"

"अन् ह्याला मोकळा सोडू नका साहेब," मागून दोस्त, "लय बेशिस्त मानूस हाय!"

साहेबांनी चष्मा काढला. "काका, मतदान गुप्त असतं."

"गुप्तच हाय की! आमा दोघांना अन् गल्लीला, बाकी कुनाला ठावं हाय?"

रेघ हलली नाही. निवडणुकीच्या सकाळी लूना निघाली ती फक्त कोपऱ्यापर्यंत. तिथं दोस्त उतरले. त्यांचं केंद्र पलीकडच्या शाळेत. "नीट दे रे," मामा म्हणाले. दोस्त मान हलवून चालू लागले.

मामांच्या मागं रांगेत मी होतो. मामा आत गेले ते बाहेरच येईनात. आतून अधिकाऱ्याचा आवाज आला, "आजोबा, एकच बटण दाबायचंय."

बाहेर आल्यावर शाई लागलेलं बोट त्यांनी धोतराला पुसलं. ती काय पुसली जाते?

"मामा, एवढा वेळ? कुणाला दिलंत?"

"त्याच्या पार्टीला," मामा हळूच म्हणाले. "तो ऱ्हायला तिकडं. त्याचं मत इथं कोन देनार, जावईबापू?"