खापरचे कैदी, अक्कलकुव्याचे कैदी

लढाईच्या काळात सरकारची सिनेमाची गाडी बाजाराच्या गावांना यायची. चित्रातलं बोलणं इंग्रजी, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून ते अहिराणीत सांगायला माझ्या थोरल्या भावाला नेमलं होतं. तो शाळामास्तर, आमच्यात एकटाच शिकलेला. माझा नवरा तेव्हा शत्रूच्या कैदेत होता. वर्षभरात त्याचं एक छापील कार्ड आलं होतं, एवढंच.

खापरला त्यांनी कैद्यांच्या छावणीचा सिनेमा दाखवला. तारेचं कुंपण दिसताच मला रडू आलं. आत माणसं चेंडू खेळत होती, दाढी करत होती, दोनदा वाढून घेत होती. भाऊ म्हणाला, ही आपली माणसं, शत्रूकडे असलेली. सगळी तोंडं गोरी कशी, असं एका बाईने विचारलं. पुढे गोरे शिपाई आहेत, आपले मागच्या रांगेत, असं त्याने सांगितलं. मी मागची रांग बघत राहिले.

धाकटा दीर भरतीला जायचं म्हणत होता आणि मी अडवून धरलं होतं. सासरे नव्हते, घरात माझा शब्द चालायचा. सिनेमा बघून मी हो म्हटलं. पकडला गेला तरी उपाशी मरणार नाही, असा माझा हिशेब. चौथ्या दिवशी भाऊच त्याला भरतीला घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात मी मिरच्या विकायला अक्कलकुव्याला गेले आणि नणंदेकडे मुक्कामाला राहिले. तिथे तोच सिनेमा लागला. तोच चेंडू, त्याच ताटल्या. भाऊ सांगत होता, हे शत्रूचे कैदी. बघा, आपलं सरकार त्यांनाही कसं पोसतं.

खेळ संपल्यावर मी त्याला गाठलं.

"खापरले ह्या आपला व्हतात. आठे दुश्मनना कसा झायात?"

"दुश्मननाच शेतस. तू रडी ऱ्हायनी व्हती, म्हनीसन तठे तसं सांगं."

"मंग मन्हा देरले भरतीले कसाले लयी गया?"

तो गाडीचा पडदा गुंडाळत राहिला.

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तिथेच बसवून त्याच्याकडून दिराला कार्ड लिहवून घेतलं: सिनेमा खोटा होता, पाय दुखतो म्हण, काहीही सांग, पण परत ये. त्याने लिहून कार्ड माझ्या हातात दिलं. सकाळी टाकण्याआधी मी ते पोस्टमास्तरांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, "इकडे सर्व खुशाल. घरची काळजी करू नये."

मी दुसरं कार्ड घेतलं आणि त्यांनाच लिहायला सांगितलं. ते पोचलं तेव्हा दिराची तुकडी भरतीच्या छावणीतून पुढे निघून गेली होती.