सुभेदारांची भूमिका

शाळेत परिपाठ चालू होता तेव्हा याडीचा फोन आला. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. ती आपणहून कधी फोन लावत नाही. कुणी लावून दिला तर बोलते. म्हणून तिचं नाव दिसताच मी मैदानाच्या कडेला गेले. "तुये बा अजून उठले नाई," एवढंच ती म्हणाली. ज्या माणसाने आमच्या घरात कधी कुणाला उजाडेपर्यंत झोपू दिलं नाही, तो माणूस अंगणात ऊन आलं तरी उठला नव्हता... दिग्रसहून यवतमाळच्या एसटीत बसले, तर कंडक्टर तिकीट कुठलं म्हणून दोनदा विचारून गेला.

आता महिना उलटून गेला. लोक भेटतात, म्हणतात, सुभेदारसाहेब मोठे शिस्तीचे होते. मी मान हलवते. शिस्तीचे होते, हे खरंच. पण मुलगी म्हणून लिहायला बसले की हात अडतो. बांची मला भीती वाटायची. लग्न झालं, नोकरी लागली, माझी स्वतःची मुलगी कॉलेजात गेली, तरी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या बांच्या घराच्या फाटकापाशी आलं की मी पदर नीट करायची. आणि आज ती भीती नाही, तर घरात कुठं उभं राहावं तेच कळत नाही.

बा दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यातून फौजेत गेलेले पहिलेच. शिपाई म्हणून गेले, सुभेदार होऊन परत आले, आणि लोहाऱ्याला प्लॉट घेऊन घर बांधलं. तांड्यात परतले नाहीत. आमच्या घरात भाषाही वाटून घेतल्यासारख्या होत्या. बांचे हुकूम हिंदीत. याडीचं चुलीपाशी पुटपुटणं गोरबोलीत. बाहेर गल्लीत सगळे वऱ्हाडी. याडीचं बोलणं मी इथं वाचणाऱ्याला समजावं म्हणून वऱ्हाडीत लिहिते आहे, पण ते तिने म्हटलं होतं आमच्याच बोलीत. बा ती बोली फक्त शेळीशी आणि कधी तापाने फणफणले तर बोलायचे.

जेवताना बोलायचं नाही, चपला भिंतीशी सरळ रेषेत, उत्तर 'जी' म्हणूनच द्यायचं. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते ओरडत नसत; ताट दोन बोटांनी पुढं सरकवत. त्या सरकवण्याला याडी जास्त घाबरायची. पण याच माणसाने, तांड्यातल्या माझ्या वयाच्या मुली लग्न होऊन ऊसतोडीला जात होत्या तेव्हा, मला डी.एड.ला घातलं. नातेवाईक समजवायला आले, तर त्यांना चहा पाजून म्हणाले, "लडकी पढेगी. और कोई बात?" मला शिकायचं आहे का, हे त्यांनी मलाही विचारलं नव्हतं. माझं नशीब, की त्यांचा हुकूम आणि माझी इच्छा एकच निघाली.

माझ्या धाकट्या भावाचं, गजूचं, तसं झालं नाही.

गजू फौजेत जाणार, हे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. पहाटे तो एमआयडीसीच्या रस्त्याने पळायचा आणि मागून बा सायकलवर शिट्टी वाजवत. भरतीत तो निघाला. बांनी पेढे वाटले, त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं. पण काही महिन्यांनी गजू ट्रेनिंग सेंटरमधून कुणाला न सांगता निघून आला. तेव्हा मी दिग्रसला सासरी होते. जे घडलं ते मला समोरच्या घरातल्या नरेशने सांगितलं. तो गजूच्या वर्गातला, आणि त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होता. गजू पिशवी घेऊन फाटकाशी उभा राहिला. बांनी आधी याडीला आत जायला सांगितलं आणि ती गेली. गजू म्हणत होता, मला झोप येत नाही, छाती भरून येते, थोडे दिवस राहू द्या, मग जातो. बांनी फाटकाची कडी काढलीच नाही. इथं भगोड्याला जागा नाही, म्हणाले. मग कपडे बदलून बाहेर आले, त्याला बसस्टँडवर घेऊन गेले, रेल्वे पकडायला धामणगावच्या गाडीत बसवलं, आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले.

गजू सेंटरला पोचला नाही. तिथून त्याचं नाव कापलं गेलं, आणि घरातून बांनी कापलं. भिंतीवरचा त्याचा फोटो कुणी उतरवला नाही, पण त्याचं नाव घेणं बंद झालं. पुढे कधीतरी कळलं की तो नाशिकला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये लागला. मी त्याच्याशी बोलायची. याडीशीही बोलणं करून द्यायची, ती माझ्याकडे आली की. बांना हे माहीत होतं असं मला आता वाटतं. पण त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. अशी पुष्कळ वर्षं गेली.

नरेशने यवतमाळात फोटो स्टुडिओ काढला. लग्नांचे व्हिडिओ करता करता त्याला फिल्म काढायचं वेड लागलं. दोन वर्षांपूर्वी तो बांकडे आला तो मेडल छातीवर कुठल्या बाजूला लावतात ते विचारायला. त्याच्या फिल्ममध्ये एक फौजी बाप होता. घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणारा. ते काम करायला नागपूरहून एक नट आणला होता. बा त्या नटाला सॅल्यूट शिकवायला गेले. पाय कसा, पंजा कसा, नजर कुठे... दुपारपर्यंत त्यांनी त्या बिचाऱ्याला असं काही दमवलं की तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. नरेश डोक्याला हात लावून बसला. बा म्हणाले, "तो इसमें क्या है? मैं करता हूं."

मला कळलं तेव्हा मी नरेशला फोन करून विचारलं, तुले समजते काय तू कोणाले कोणतं काम देऊन राह्यला? तो म्हणाला, "ताई, मी त्याईले विचारलं नाई. त्याईनंच म्हटलं. आता मी नाई कसं म्हनू?"

बांनी सगळी गोष्ट वाचली नव्हती, आपली वाक्यंच तेवढी पाठ केली होती. पाठांतर पक्कं. वेळेआधी हजर. सगळ्या युनिटला त्यांनी आठ दिवसांत वळण लावलं. चहाचे कपसुद्धा रांगेत ठेवले जायला लागले. ताट सरकवायचा प्रसंग होता, तो नरेशने सांगण्याआधीच त्यांनी दोन बोटांनी केला. सगळे म्हणाले, काय सहज करतात.

फाटकाचा प्रसंग रविवारी होता, म्हणून मीही गेले होते. लोहाऱ्यातलंच एक रिकामं घर. मुलाचं काम करणारा पोरगा कॉलेजातला होता, बारीक अंगाचा, हातात पिशवी. बांनी म्हणायचं होतं, या घरात तुला जागा नाही, आल्या पावली परत जा. तालमीत त्यांनी ते दोनदा खणखणीत म्हटलं. मग कॅमेरा चालू झाला. तो पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. बा त्याच्याकडे बघत राहिले. बघतच राहिले... आणि मग म्हणाले, "जेवला काय?"

हिंदीत नाही, गोरबोलीतही नाही. गल्लीतल्या कुणी गल्लीतल्या पोराला विचारावं तसं.

कुणी हसलं नाही. नरेशने कॅमेरा थांबवला आणि खाली मान घालून हळूच म्हणाला, साहेब, ते वाक्य वेगळं आहे. "मालूम है," बा म्हणाले. पाणीही न पिता पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी ते वाक्य तालमीतल्यापेक्षाही खणखणीत म्हटलं. फिल्ममध्ये तेच आहे.

फिल्म यवतमाळात एका सभागृहात दाखवली. बा ब्लेझर घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी याडी, तिच्या शेजारी मी. लोक बांच्या वाक्यांना आधी हसत होते, मग हसायचे थांबले. फाटकाचा प्रसंग आला. पडद्यावर पोराचा चेहरा मोठा झाला. ओठ हलतात, पण बोलता येत नाही, असा. आणि याडी उठली. नवरा बसलेला असताना ती अशी उठून गेलेली मी कधी पाहिली नव्हती. अंधारात लोकांच्या पायांतून वाट काढत ती बाहेर गेली. मी मागून गेले तर ती सभागृहाच्या पायऱ्यांवर, गाड्या लावतात तिथं, बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "तवा त्याईनं मले अंदर जाय म्हटलं, अन् मी गेली. मले त्याचं तोंड दिसलंच नव्हतं गं. आज दिसलं."

तो तिचा मुलगा नव्हता, कॉलेजातला कुणी पोरगा होता, हे तिला मी काय सांगणार?

बा बाहेर आले ते फिल्म संपल्यावर. लोक हात मिळवत होते, खांद्यावर सत्काराची शाल होती. याडी पायऱ्यांवर बसलेली त्यांनी पाहिली. 'चलो' म्हणाले नाहीत. ती उठेपर्यंत उभे राहिले. ऑटोत तिघं बसलो. घरी आल्यावर त्यांनी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि न जेवता झोपले. याडीनेही जेवा म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि विचारलं, "उसका नंबर है ना तेरे पास?" मी लावून दिला. पलीकडून गजूचा आवाज आल्यावर बांनी पाठ ताठ केली आणि म्हणाले, "हां, सुभेदार बोल रहा हूं." मग बांनी विचारलं, तिकडं पाऊसपाणी कसं आहे. गजू म्हणाला, बरं आहे. इकडे कमी आहे, बा म्हणाले. आणखी थोडा वेळ ते दोघे पावसावरच बोलले. इतक्या वर्षांनी बाप लेकाशी पावसावर बोलत होता. शेवटी याडीने तो फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. मागितला नाही, काढून घेतला. आणि म्हणाली, "आव."

ये. एवढंच. आमच्या बोलीत.

गजू आला तो दिवाळी उलटून गेल्यावर. दोन दिवस राहिला, पण मुक्कामाला नरेशकडे. याडीने खूप आग्रह केला; तो म्हणाला, झोप येणार नाही. बांनी ते ऐकलं. दोघं अंगणात खुर्च्यांवर बसायचे, एसटी स्टँडवर बसलेल्या दोन अनोळखी प्रवाशांसारखे. माफी कुणी मागितली नाही. मी वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू. निघायच्या दिवशी बांनी विचारलं, काम काय असतं तुझं? गजूने सांगितलं: कुठला माल कुठल्या ट्रकात, कोण कुठे जाणार, सगळं त्याच्याकडे. बा ऐकत होते. मग ते आमच्या बोलीत बोलले, आणि ताप नव्हता. म्हणाले, "आपल्या आज्यापंज्यानं बैलावर माल वाह्यला. तू ट्रकावर वाहून राह्यला. धंदा आपलाच हाय."

गजू हसला नाही की रडला नाही. पण जाताना वाकून पाया पडला, आणि बांचा हात त्याच्या डोक्यावर नको तितका वेळ राहिला.

त्यानंतर तो एकदाच आला. बा गेले त्या दिवशी, नाशिकहून मिळेल त्या गाड्या बदलत. बांचे जुने फौजी सोबती आले होते, त्यांनी थांबा म्हटलं, मुलगा पोचू दे. तो पोचला तेव्हा ऊन कललं होतं. त्याने खांदा दिला, विधी केले, सगळं नीट. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाला, "ताई, मले त्याईचा राग पुरा सोडाचा होता. थोडा राहून गेला." मी त्याला म्हटलं, राहू दे. आता तोच आहे आपल्याकडे त्यांचा.

काल मी याडीकडे होते. सकाळी उठले तर ती बांच्या खाटेपाशी उभी. त्यांची फौजेतली करडी कांबळ अजून तिथंच असते. ती रोज पसरते, का ते मी विचारलेलं नाही. बा त्या कांबळीची चौकोनी घडी घालायचे, चारी कोपरे एकावर एक, आणि याडीने घातलेली घडी ते रोज, न चुकता, मोडायचे. काल तिने घडी घातली. आपली नेहमीची, बाईमाणसाच्या हातची, मऊ, थोडी वाकडी. उशाशी ठेवली, दोन पावलं मागे सरकली, बघितली. मग पुढे झाली आणि ती स्वतःच मोडली.

मी म्हटलं, याडी, आता कोणी पाहाले येत नाई.

"मले मालूम हाय," ती म्हणाली, आणि कांबळीचे कोपरे जुळवायला लागली.