केनवडच्या साधनाचा पहिला हायब्रिड

साधनाचा पहिला वार गोलूच्या गुडघ्यावर बसला तेव्हा कपाशीची वाळकी पराटी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. गोलू खाली बसला. तिथंच हात आवरला असता तर गोष्ट निराळी झाली असती. पण साधनानं त्याच गुडघ्यावर आणखी तीन वार घातले. चौथ्या वाराला हातातल्या गोल्फ क्लबचा दांडा वाकला म्हणून ती थांबली. नसता वाकला तर किती मारले असते, हे तिलाही सांगता येत नाही.

गोलू तिचा सख्खा चुलतभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचे वडील वारले तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन स्मशानात नेलं ते साधनाच्या वडिलांनी, दौलतरावांनी. दोघांची वावरं लागून होती आणि मधे धुरा होता. हा बांध दोघांच्या सामाईक मालकीचा. गोलूनं ट्रॅक्टर घेतल्यापासून दर नांगरणीला त्याचा फाळ वीतभर आत यायचा. दौलतराव बोलायचे, गोलू हसायचा, आणि पुढच्या वर्षी धुरा आणखी बारीक व्हायचा.

त्या मे महिन्यात दौलतराव ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"मोठेबाबा, बाजूले व्हा."

"फाळ उचल आधी. दीड फूट आत आला तू."

"बाजूले व्हा म्हनलं ना! मंग म्हनसान, सांगतलं नाई."

दौलतराव हलले नाहीत. गोलू खाली उतरला, सीटमागची पहार काढली आणि चुलत्याच्या उजव्या खांद्यावर घातली. हाड मोडून कातडीखाली वर आलं. म्हातारा तोंडावर पडला. गोलूनं पहार पुन्हा उचलली.

हे सगळं साधनाला दिसत होतं. वावराच्या टोकाला जी खडकाळ बरड होती, तिथं ती रोजच्यासारखी गोल्फचे चेंडू मारत होती. हातात चार नंबरचा आयर्न, लोखंडी डोक्याचा क्लब होता, तसाच घेऊन ती धावली.

केनवडात गोल्फ आला तो दौलतरावांमुळे. ते फौजेत हवालदार होते आणि शेवटची सात वर्षं छावणीच्या गोल्फ मैदानावर त्यांची ड्यूटी होती. गवत कापायचं, साहेब लोकांच्या पिशव्या वाहायच्या. वाहता वाहता खेळ कळला, आणि मग हातात आला. निवृत्त झाले तेव्हा एका मेजरसाहेबांनी आपली जुनी पिशवी, क्लबांसकट, त्यांना देऊन टाकली. बरडीवर तसंही काही उगवत नव्हतं. आठवीतल्या साधनाला त्यांनी तिथं उभं केलं. "दौलतरावाची पोट्टी दांड्यानं गोट्या हानते," म्हणून गाव हसलं आणि दोन-चार वर्षांत हसून थकलं. पोरगी मात्र थकली नाही. चोविसाव्या वर्षी तिनं नागपूरच्या एका मैदानावर सहायक प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज भरला होता. परीक्षा डिसेंबरात होती. अठरा होल अठ्ठ्याऐंशी फटक्यांच्या आत संपवायचे, तरच नोकरी.

आणि मे महिन्यात ती रिसोडच्या पोलीस ठाण्यात बाकावर बसली होती. नखांमध्ये रक्त वाळलं होतं.

"हे काय हत्यार हाय व?" जमादारानं वाकडा क्लब टेबलावर ठेवला.

"हत्यार नाई साहेब. गोल्फचा क्लब हाय. चार नंबरचा आयर्न."

"केनवडात गोल्फ?" त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं, लोखंडी दांडा, टोकाला जाड पातं, त्यावर रक्ताचे डाग. क्लब कापडात गुंडाळून त्याला सील लागलं. दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. साधनाला चार दिवसांनी जामीन मिळाला. गोलूच्या गुडघ्याचं अकोल्यात ऑपरेशन झालं. वाटी तीन ठिकाणी फुटली होती. डॉक्टरांनी सळया घातल्या आणि सांगितलं, पाय आता पुरता वाकणार नाही.

हे ऐकलं तेव्हा साधना भाकर खात होती. तिनं हातातला घास खाल्ला. पुढचाही खाल्ला. तिला वाईट वाटत होतं म्हणावं, तर तेही धड खरं नव्हतं. ते चार वार आठवले की तळहात गरम व्हायचे, आणि त्यात गोडी होती. त्या गोडीचीच तिला भीती वाटली.

चार नंबर गेला आणि पिशवीत भोक पडलं. तिचा पाच नंबरचा आयर्न एकशे पंचेचाळीस यार्ड जायचा, मोठ्या डोक्याचा वूड एकशे पंच्याऐंशी. मधे काहीच उरलं नाही. दौलतराव गळ्यात हात बांधून खाटेवर पडले होते, तिथून म्हणाले, "आयर्न नोको घेऊ आता. हायब्रिड घे. पाठ वूडसारखी फुगीर रायते अन् तोंड आयर्नसारखं. गवतातून चेंडू लवकर उचलते."

नागपुरात हरीओम नावाचा माणूस जुने क्लब दुरुस्त करून विकायचा. दुकानामागं त्यानं सराव मैदानाचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता. साधना पहाटेची एसटी धरून गेली.

"मले सगळ्यात लांब जानारा द्या," ती म्हणाली.

"लांब जाणारा वूड आहे ना तुमच्याजवळ, ताई. एकशे पंचेचाळीस आणि एकशे पंच्याऐंशीच्या मधात काय आहे?"

"काई नाई."

"मग मधातलाच पाहू."

त्यानं तीन हायब्रिड काढले. तोंडाचा उतार एकाचा एकोणीस अंश, दुसऱ्याचा बावीस, तिसऱ्याचा पंचवीस. प्रत्येकाचे दहा-दहा चेंडू मारायला लावले. एकोणीसचा आवाज तिला फार आवडला, कडक, गोळी सुटावी तसा. पण चेंडू कधी एकशे ऐंशी जायचा, कधी एकशे साठला डावीकडे वळून झुडपात शिरायचा. पंचवीसचा जाऊन पाच नंबरच्या शेजारीच पडायचा. बावीसचे दहापैकी सात एकशे पासष्टच्या आसपास पडले. मग हरीओमनं त्याच डोक्याचे दोन दांडे दिले. पोलादी दांड्यानं दहाव्या चेंडूपर्यंत तिचे खांदे भरून आले. ग्रॅफाइटचा हलका होता.

"हा घ्या. तुमचा हात मुळातच जड आहे, वरून वजन कायले वाहता?"

हात जड आहे, हे त्यानं सहज म्हटलं. साधनाचा चेहरा उतरला. तिनं बावीसचा क्लब घेतला आणि परतीच्या गाडीत तो मांडीवर आडवा ठेवून बसली. शेजारची बाई सरकून बसली.

खरी कटकट घरी सुरू झाली. दौलतरावांनी बरडीवर पोती पसरवली होती, एकशे वीस, एकशे चाळीस आणि एकशे पासष्ट यार्डांवर. साधनानं मारलेला एकही चेंडू पोत्याजवळ थांबेना. एक एकशे नव्वदवर गेला, दुसरा डावीकडे तुरीत. तिसरा जमिनीलगत सरपटला. ती दात खाऊन मारत होती. क्लब खाली येताना दर वेळी तिला चेंडूच्या जागी गुडघा दिसायचा.

"तू कोनाले मारून राह्यली?" दौलतरावांनी विचारलं.

तिनं पुढचा चेंडू पायाशी ओढला.

"चेंडूनं तुहं काय केलं, पोरी? इकडं पाह्य." डाव्या हातानं त्यांनी चेंडू तिच्या पायांच्या मधोमध ठेवला आणि दोन बोटं पुढं सरकवला. "इथं. अन् झाडू मारल्यावानी नोको मारू. आयर्नसारखा वरून खाली येऊ दे. उचलाचं काम क्लब करते."

एकशे पासष्ट हा पूर्ण फटका ठरला. एकशे चाळीससाठी मूठ इंचभर खाली धरायची आणि हात खांद्यापर्यंतच न्यायचे. एकशे वीससाठी मूठ आणखी खाली, हात छातीशी थांबवायचे. जोर तिन्हीला सारखाच, हात मागं नेणं तेवढं कमी-जास्त. सांगायला सोपं होतं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. रोज दोनशे चेंडू. हाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. सप्टेंबरात एकदा एकशे चाळीसच्या पोत्यावर सलग पाच चेंडू पडले तेव्हा दौलतरावांनी पोतं उचललं आणि दुसरीकडे नेऊन टाकलं.

ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून, कापून झालं. वावरात गंजी लागली, मळणीयंत्र दोन दिवसांनी यायचं होतं. दुपारी तीनच्या सुमारास धुऱ्यापाशी जीप थांबली. कुबडी टेकत गोलू उतरला. बरोबर दोन अनोळखी माणसं. एकाच्या हातात डिझेलची कॅन होती. साधनाची आई सोजरबाई गंजीजवळच शेंगा वेचत होती.

"काय करता रे? ए गोलू! बाबू, नोको रे!"

डिझेल गंजीवर पडलं. सोजरबाई कॅनवर झेपावली. त्या माणसानं तीच कॅन तिच्या कपाळावर आपटली. ती कोसळली आणि पाठोपाठ गंजी भपकन पेटली.

बरडीवर साधनाच्या पायाशी चेंडू होता. गोलू एकशे चाळीसवर उभा होता, तिच्या डोळ्यांना ते अंतर आता पाठ होतं. पाच महिने शिकलेलं सगळं त्या क्षणी वाहून गेलं. तिनं पूर्ण ताकदीनं चेंडू त्याच्या डोक्यावर मारला. तो गोलूच्या वरून हातभर नव्हे, दोन मजले उंचावरून गेला आणि जीपच्याही पलीकडे पडला. गोलूनं मान वर करून पाहिलं. "हुकला व साधने!" तो ओरडला.

ती हायब्रिड घेऊनच धावली. डिझेलवाला जीपकडे पळाला, दुसराही त्याच्यामागं. गोलूला पळता येत नव्हतं. त्यानं कुबडी डाव्या काखेत दाबली आणि कमरेचा कोयता काढला. ती जवळ पोचताच त्यानं कोयता फिरवला. तिचा डावा दंड उघडा झाला, आतलं पांढरं दिसलं. दुसऱ्यांदा कोयता वर गेला तेव्हा साधनाची मूठ आपोआप खाली सरकली होती. हात छातीपर्यंतच गेले. क्लब त्याच्या मनगटावर बसला, एकदाच. कोयता मातीत पडला, कुबडी निसटली आणि गोलू पाठीवर आपटला.

ती त्याच्यावर उभी राहिली. गंजीची धग पाठीला लागत होती. क्लब पुन्हा वर गेला होता. गोलूनं डोकं झाकलं नाही, तोंड झाकलं नाही. मनगट मोडलेलं असताना त्यानं दोन्ही हातांनी गुडघा झाकला.

"मार," तो रडत म्हणाला. "मार ना आता. होऊ दे पुरं."

तळहात गरम झाले होते. ती गोडी तिथंच होती, जशीच्या तशी. साधनानं क्लब बाजूला टाकला आणि आईकडे गेली. सोजरबाईचं लुगडं रक्तानं भिजलं होतं. तिला खांद्यावर टाकून ती रस्त्यापर्यंत चालत गेली, तेव्हा कुठं माणसं धावून आली. सोजरबाईला बारा टाके पडले, साधनाला नऊ. वर्षाचं पीक तासाभरात राख झालं.

डिसेंबरात दंडावरचा व्रण अजून ओढत होता. नागपूरच्या मैदानावर सातव्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, बाहेर काढायला तीन फटके लागले, आणि चिडून मारलेला पुढचा चेंडू थेट कुंपणाबाहेर गेला. तिथं परीक्षा जवळजवळ संपलीच होती. तेराव्या होलला मधे नाला, त्यापलीकडे एकशे बावन्न यार्डांवर झेंडा, पाठीमागून वारा. बरोबर खेळणाऱ्या मुलानं आयर्न काढला आणि चेंडू पाण्यात घातला. साधनानं हायब्रिडची मूठ इंचभर खाली धरली, हात खांद्यापाशी थांबवले. चेंडू नाला ओलांडून हिरवळीच्या कडेला पडला आणि चार पावलं सरकला. शेवटी बेरीज सत्त्याऐंशी झाली. एका फटक्यानं नोकरी वाचली.

जानेवारीत धुऱ्याची सरकारी मोजणी झाली. गोलू दीड फूट आत आला होता, हे खरंच निघालं. पण विहिरीकडच्या टोकाला साधनाच्या आजोबांनी केलेल्या वाटणीपासून दौलतरावांचं वावरच गोलूच्या जमिनीत दोन फूट शिरलेलं होतं, हेही निघालं. दगड रोवले गेले. दौलतराव विहिरीकडच्या दगडापर्यंत चालत गेले, तो पायानं दाबून पाहिला आणि मग मोडक्या खांद्याला हात लावून घरी गेले.

गोलूची बायको वर्षाराणी मागं राहिली. साधनाशी ती आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"पैला वार तर तू बापासाठी मारला. तो मी माफ केला. बाकीचे तीन कोनासाठी होते?"

"माह्यासाठी, वयनी," साधना म्हणाली.

वर्षाराणीनं मान हलवली आणि गेली.

आता साधना नागपुरात असते, पोरांना शिकवते. केसेस चालूच आहेत. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती केनवडला येते आणि सकाळी बापासोबत चौकात उभी राहते. रिसोडला वेळेवर पोचणारी जीप एकच, त्यामुळे दोन्हीकडची माणसं तिच्यातच बसतात. पुढची सीट गोलूसाठी सोडतात, कारण त्याचा पाय मागं मावत नाही. कोर्टापाशी जीप थांबली की गोलूची कुबडी अडकते, आणि दौलतराव डाव्या हातानं दार धरून ठेवतात.